गीताचे शब्द आणि चित्राची सत्ता

गीताचे शब्द ऐकावे आणि त्यांतील चित्र आपापल्या मनात उभे करावे, हा श्रोत्याचा जुना अधिकार होय. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि या अधिकारावर बाजारपेठेने आपला हक्क सांगितला. ध्वनिमुद्रिका कंपन्या गाण्यांच्या चित्रफिती काढवून घेत व आरंभी त्या वाहिनीला विनामूल्य पुरवीत. कारण चित्रफीत ही मुळात ध्वनिमुद्रिकेची जाहिरात होती. जाहिरातीला शब्दांशी इमान राखण्याचे बंधन नसते. माल खपला की तिचे प्रयोजन संपते.

म्हणून चित्र हे शब्दांचे वैरीच असते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे १९८४ मधील ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गीत पाहावे. त्याच्या कडव्यांत व्हिएतनाममधून परतलेल्या कामगार तरुणाची कैफियत आहे: तेलशुद्धीकरण कारखान्यात त्याला काम नाही आणि सरकारी कचेरीत दाद नाही. धृपद मात्र जयघोषासारखे. अनेकांनी धृपद तेवढे ऐकले. १९ सप्टेंबर १९८४ रोजी न्यू जर्सीतील हॅमंटन येथील प्रचारसभेत अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. बेकारांच्या गायकाचे नाव सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराला जुंपले गेले!

या गीताच्या चित्रफितीत दिग्दर्शक जॉन सेल्स यांनी मैफलीच्या दृश्यांत कारखाने, श्रमिक आणि माजी सैनिक गुंफले. गजरात बुडालेली कडवी चित्राने वर काढली. परंतु ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर राष्ट्रध्वजाचे पट्टे होतेच. एकाच गीताला दोन चित्रे लाभली, आणि ज्याला जे सोयीचे ते त्याने उचलले.

‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या वाद्यवृंदाच्या ‘स्लीप नाऊ इन द फायर’ या गीतात कोलंबसच्या जहाजांपासून हिरोशिमापर्यंतच्या संहारामागील लोभच बोलतो. त्यात शेअरबाजाराचे नाव नाही. २६ जानेवारी २००० रोजी दिग्दर्शक मायकेल मूर यांनी या वादकांना थेट वॉल स्ट्रीटवर उभे केले आणि शेअरबाजाराला दिवसाढवळ्या दरवाजे बंद करावे लागले. शब्दांनी लोभाची वृत्ती सांगितली. चित्राने तिचा पत्ता सांगितला. व्यवहार थांबले नाहीत आणि हे गीतही सोनीच्या मालकीच्या कंपनीनेच विकले, हेही विसरता कामा नये. तथापि भांडवलाच्या पैशाने भांडवलाकडे बोट दाखविता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आज चळवळीची गाणीही मोबाइलवर चित्रित होऊन क्षणात पसरतात. त्यांत बहुधा फडकते झेंडे, उंचावलेल्या मुठी आणि पुढाऱ्यांचे चेहरेच दिसतात. जी दृश्ये कोणत्याही पक्षाच्या गाण्याला चालतील, ती शेतमजुराच्या गाण्याला काय बळ देणार? मजुरीचा दर, बंद गिरणीचे फाटक, रेशनच्या दुकानासमोरील रांग ही दृश्ये इतरांना उसनी घेता येत नाहीत. ज्याचे दुःख गायचे, त्याचाच चेहरा आणि त्याचाच पत्ता चित्रात आला पाहिजे. कार्यकर्त्यांनी एवढे पथ्य पाळले, तर त्यांचे गीत दुसऱ्याच्या प्रचाराला जुंपणे कोणालाही सोपे जाणार नाही.