संगणकाच्या गडाची चोरदिंडी

रायगडाच्या तटात एक चोरदिंडी आहे. महादरवाजा असताना तटाला आणखी एक वाट ठेवण्याचा उपद्व्याप का केला, हे मराठी वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. बँका, रुग्णालये आणि दूरध्वनी ज्या सर्व्हरवर विसंबून आहेत ते उभारणाऱ्यांना मात्र ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, असे गेल्या काही वर्षांतील घटना पाहता म्हणावे लागेल.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या कामातील एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकची संगणककेंद्रे जगापासून तुटली. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सॲप मुके झाले ते सुमारे सहा तास. चूक कोणाच्याही हातून होते, त्याचे नवल नाही. नवल हे की, अशाच प्रसंगासाठी राखलेली दुसरी वाटही बंद होती, असे कंपनीनेच पुढे सांगितले. अखेर अभियंत्यांना केंद्रांवर धाडावे लागले आणि परक्यांसाठी केलेल्या कडेकोट बंदोबस्तात घरच्याच माणसांचा खोळंबा झाला.

कॅनडातील प्रकार याहून गंभीर होता. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स कंपनीचे जाळे कोसळले आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा खंडित झाली. अनेकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांकही लागेना. जाळ्यावर देखरेख करण्याची वाट त्याच जाळ्यातून जात होती. त्यामुळे दुरुस्ती करणारेच आंधळे झाले. त्यांचे फोनही बव्हंशी त्याच कंपनीचे! किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावावे, तसे हे झाले.

वस्तुतः उपाय जुना आहे. चांगल्या सर्व्हरच्या पोटात देखरेखीसाठी एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. मुख्य यंत्र बंद पडले तरी वीजपुरवठा असेपर्यंत तो जागा राहतो. त्याच्याद्वारे दूर बसून यंत्र बंद-चालू करता येते, पडद्यावर काय उमटले आहे तेही पाहता येते. परंतु त्याची तार त्याच स्विचमध्ये खोचली, तर हा पहारेकरी असून नसल्यासारखा. त्याला दुसऱ्या कंपनीची तार किंवा सिमकार्ड हवे. परवलीचे शब्दही बंद पडणाऱ्या यंत्रातच न ठेवता कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावे लागतात.

दुसरे दार म्हणजे चोरालाही दुसरे दार, हा आक्षेप खोटा नाही. २०१४ साली अशा सुमारे ३२ हजार यंत्रांचे परवलीचे शब्द इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील अशा स्थितीत आढळले होते. परंतु त्यावरून दार बुजवावे असे ठरत नाही. ते राजरस्त्यावर उघडू नये, एवढेच ठरते. दार बुजवणाऱ्यांना १९ जुलै २०२४ आठवावा. क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाइलीने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे ठप्प झाली. त्यांतील असंख्य यंत्रांपुढे माणूस प्रत्यक्ष बसवावा लागला, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. देशातील कितीतरी संगणककेंद्रे नवी मुंबईत आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तशा दिवशी दादरचा अभियंता ऐरोलीला पोहोचणार कसा? बँका आणि सरकारी खाती पर्यायी केंद्रांच्या चाचण्या घेतात, हे खरे. परंतु त्या चाचण्यांत मुख्य जाळे चालू असेल, तर चोरदिंडीचे बिजागर गंजले आहे की नाही ते कळणार नाही. नियामकांनी याच गोष्टीचा पुरावा मागितला पाहिजे: अमुक तारखेस मुख्य तार काढली, अमुक मिनिटांत दुसऱ्या वाटेने आत शिरता आले. दुसऱ्या तारेचे मासिक भाडे मोठ्या बँकेच्या खर्चात दिसणारसुद्धा नाही. नालेसफाई पावसाळ्यापूर्वी करतात; ही तालीमही मे महिन्यातच व्हावी.