शाल-श्रीफळ पुरे, आता त्यांच्या दारात जा!

दरवर्षी २६ जुलै जवळ आला की आमच्या भागात शालींचा खप वाढतो. कारगिल विजय दिनाला गावोगावच्या माजी सैनिकांना स्टेजवर बोलवायचे, शाल, श्रीफळ, एक फोटो, चहा-बिस्किट. भाषणात मराठा लाइट इन्फंट्रीची १७६८ पासूनची परंपरा, इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, आणि शेवटी शिवछत्रपतींचा जयजयकार. अशी भाषणे आम्हीही केली आहेत, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमचाच कान धरतो. शाल घेऊन तो माणूस घरी गेला की त्याचे पुढे काय होते, हे आम्ही कधी विचारले नाही.

विषय माजी सैनिकांच्या आत्महत्यांचा आहे. बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या मराठी घरांत हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. 'अपघात झाला' म्हणायचे, तेरावे उरकायचे आणि भिंतीवर गणवेशातल्या फोटोला हार घालायचा. घराण्याची अब्रू राखली गेली, असे आपण समजतो. शेजारच्या गल्लीत तसाच दुसरा एक जण कुढत बसलेला असतो, त्याच्यापर्यंत मात्र कोणी जात नाही.

आम्ही बँकेत कारकून. वीस वर्षांहून जास्त काळ काउंटरच्या अलीकडे बसलो आहोत. पूर्वी नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांची जत्राच! हयातीचा दाखला द्यायला सगळे यायचे. त्या रांगेत आम्हाला पुष्कळ कळायचे. कोण खंगला, कोणाचा सही करताना हात थरथरतो, मागच्या वर्षी बायकोबरोबर आलेला यंदा एकटा का आला. पुढे संरक्षण खात्याची 'स्पर्श' प्रणाली आली. पेन्शन प्रयागराजहून थेट खात्यात, दाखला मोबाइलवर. सोय झाली, ती आम्ही नाकारत नाही. पण पासवर्ड हरवला की तोच सुभेदार काचेसमोर येऊन उभा राहतो आणि आम्ही मान वर न करता सांगतो, "आमच्याकडं काही नाही ओ, सायबरवाल्याकडं जावा." ज्याने बर्फात चौकी सांभाळली त्याला आम्ही एका ओटीपीसाठी तीन हेलपाटे घालायला लावतो.

निपाणीकडच्या एका गावचे एक हवालदार आमच्याकडे दर महिन्याला पासबुक भरायला यायचे. नावगाव सांगणार नाही. "काय मेजर, बरं हाय न्हवं?" "बरं हाय की." एवढेच आमचे संभाषण. (आपल्याकडे शिपाई म्हणून निवृत्त झाला तरी गाव त्याला मेजरच म्हणते.) एका दिवाळीच्या तोंडावर त्यांनी ठेवी बायकोच्या नावे केल्या, सगळ्या खात्यांची वारसनोंद तपासून घेतली, बायकोच्या नावातली चूक दुरुस्त करून घेतली. आम्ही कौतुकाने म्हणालो, असे टापटीप गिऱ्हाईक दुसरे नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा थोरला मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आमच्याच काउंटरवर आला. वारसनोंद तपासणे यात वावगे काही नाही, शंभरातले नव्याण्णव जण शहाणपणानेच करतात. पण त्या चार-सहा महिन्यांत त्यांचे वजन उतरले होते, सकाळी अकराला तोंडाला वास यायचा आणि डोळ्याला डोळा देणे बंद झाले होते. हे सगळे एकत्र दिसत होते. आम्ही पाहिले, पण विचारले नाही.

असे किती? याचे उत्तर सरकारकडेही नाही! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांचा अहवाल काढतो. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांची नोंद झाली. त्यात रोजंदारीवाले वेगळे, शेतकरी वेगळे, विद्यार्थी वेगळे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी तर वेगळे प्रकरणच असते. माजी सैनिकाला रकाना नाही. तो 'निवृत्त' मध्ये गेला, 'रोजंदारी' मध्ये गेला की 'शेती' मध्ये, कोणाला पत्ता नाही. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी. ज्याचे खातेच उघडले नाही त्याची बाकी कशी काढणार? हरियाणाचे माजी सुभेदार रामकिशन ग्रेवाल १ नोव्हेंबर २०१६ ला दिल्लीत गेले तेव्हा समान पद समान पेन्शनवरून सगळे पक्ष तुटून पडले. आठ दिवस चॅनेलवर आरडाओरड, पुढे सामसूम. मोजणी त्यानंतरही सुरू झाली नाही.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "फौजी असला मनाचा कच्चा नसतो." याच वाक्याने माणसे मरतात. ऑस्ट्रेलियाने या प्रश्नावर २०२१ मध्ये शाही आयोग नेमला, त्याचा शेवटचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. तिथली आकडेवारी सांगते की नोकरीत असलेल्या पुरुष सैनिकांत आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी आहे आणि सैन्य सोडलेल्यांत जास्त. माणूस तोच, छातीही तीच! मग बदलले काय? पलटण सुटली. पहाटे उठवणारे, शेजारी जेवणारे, 'काय झालं रे' म्हणून खांद्यावर हात टाकणारे गेले.

आपल्याकडचे चित्र पाहा. जवान पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. बायकोने एवढी वर्षे घर एकटीने चालवलेले, तिला कारभारात हात घालणारा नवा माणूस नको असतो. पोरे बापाला पाहुण्यासारखी ओळखतात. शेतीचा तुकडा भाऊबंदकीत अडकलेला. एकरकमी पैसे आलेत म्हटल्यावर हातउसने मागणारे नातेवाईक रांगेत. मग तो कुठल्या तरी एटीएमच्या दारात किंवा आमच्यासारख्या शाखेत बंदूक घेऊन रखवालदार म्हणून उभा राहतो. आणि आपण त्याच्या घरी कधी जातो? कँटीनची बाटली मागायला! हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण खोटे असेल तर सांगा. लग्न असो, बारसे असो, मेजरकडून कोटा हवा. तीच बाटली त्याच्या घरात काय करते, याची चौकशी करायला कोणी जात नाही.

आता याहून मोठी गोष्ट दारात आली आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होतील, बाकीची पोरे बावीस-पंचविशीत सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकांची ईसीएचएसची दवाखान्याची सोयही नाही. योजना चांगली की वाईट हा वाद वेगळ्या अंकात घालू. पण तरुणपणी सैन्यातून बाहेर पडलेल्यांना धोका जास्त, असे परदेशातले अनुभव सांगतात. बेळगावच्या सेंटरमध्ये ज्या पोरांच्या शपथविधीला आपण फोटो काढले, तीच ही पोरे. त्यांना कोण विचारणार?

"आपण साधी माणसे, आपल्याने काय होणार?" होते! अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले. बोलायचे, ऐकायचे, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यायचे. नैराश्याने त्रस्त असलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षात सत्तावीस घेऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मोठे हॉस्पिटल बांधले नव्हते, माणसे दारात गेली होती.

आता भाषेचे. कानडी फॉर्मचा त्रास खरा आहे. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, तरी त्याचे सैनिक कल्याण कार्यालय बेळगावात, हेही खरे. तो लढा चालूच राहील. पण त्याच्या आडोशाला लपू नका. मराठी पाटीसाठी चार तास उन्हात उभे राहणारे आपण शेजारच्या मेजरच्या कट्ट्यावर अर्धा तास बसत नाही, यात कर्नाटक सरकारचा काय दोष? १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी याच निपाणीचा शेतकरी तीन आठवडे महामार्गावर बसला होता. बसायचे कसे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि मनातले दुखणे माणूस आईच्या भाषेतच सांगतो. हे काम बेंगळूरुहून येऊन कोणी करणार नाही, ते आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक गावात तालमीने किंवा गणेश मंडळाने गेल्या दोन वर्षांत घरी आलेल्यांची आणि एकटे राहणाऱ्यांची यादी करावी. यादीतल्या घरी महिन्यातून दोनदा जावे, शक्यतो दुसऱ्या माजी सैनिकालाच पाठवावे, कारण पलटणीतला माणूस पलटणीतल्याशीच मोकळा होतो. बचत गटाच्या बायकांनी त्याच्या बायकोशी बोलावे, कारण घरात काय चालले आहे ते तिलाच आधी कळते. शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो, ही समजूत खोटी आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध आणि परवान्याची बंदूक काही दिवस दुसऱ्याच्या कुलपात ठेवा, बाटलीही. पोलीस केसची भीती घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार नव्हे, तर उपचाराची गरज असलेला मानले आहे. जुने ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेले नाही.

टेलिमानसचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. ईसीएचएसचे कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. कार्ड नसेल तर बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची डिमहान्स आहे. कोणी एकटे जाणार नाही, बरोबर जावे लागेल. बससाठी पैसे लागले तर यंदाच्या शालींचे पैसे वापरा.

आमच्या शाखेच्या परिसरातल्या अकरा गावांची यादी आम्ही घेतली आहे. बँकेच्या कागदावरून नाही (तो गुन्हा होईल), गावात फिरून. त्यातल्या चार गावांत जायला अजून माणूस मिळालेला नाही. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी सकाळी दहाला संघाच्या कार्यालयात यावे, गाडीची सोय केली आहे.