वर्गातील मराठी आणि प्रबंधातील मराठी

मराठीच्या अध्यापनाविषयीचा प्रबंध हे शिक्षणशास्त्राचे काम, अशी एक समजूत मराठी विभागांत रूढ आहे. लेखक, कृती, प्रवाह आपले. वर्ग आणि विद्यार्थी त्यांचे. (मार्गदर्शकालाही ही वाटणी सोयीचीच असते.) पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या वर्गासमोर मात्र ती टिकत नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे मोटारींचे व सुट्या भागांचे कारखाने भोसरी, आकुर्डी करीत चाकणजवळच्या कुरुळी-महाळुंगेपर्यंत पोचले आणि त्यांच्यामागोमाग मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथील कुटुंबे आली. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठी बोलींचे सर्वेक्षण केले, तेव्हा बोलीसाठी तिचा प्रदेश गाठावा लागे. आता वेगवेगळ्या प्रदेशांतील बोली एकाच वर्गात भेटतात.

लातूरकडील मुलाने वहीत ‘आई भाकरी करायली’ असे लिहिले, तर त्याला ‘करत आहे’ असे म्हणायचे असते. शिक्षकाने ते ‘करायला लागली’ असे दुरुस्त केले, की चालू असलेल्या क्रियेचा आरंभ होऊन बसतो. अहिराणी घरातले मूल ‘माझा भाऊ’ या अर्थी ‘मना भाऊ’ लिहील. पूर्वचाचणी-उत्तरचाचणीच्या ठरीव साच्यात हे सारे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह ‘लेखनदोष’ या एकाच रकान्यात जमा होते, टक्केवारी काढली जाते आणि उपचारात्मक अध्यापनाची शिफारस होते. उपचार कशावर? एकीकडे लेखननियमांचे अज्ञान आहे, दुसरीकडे वेगळी, पण नियमबद्ध रूपव्यवस्था. हा भेद व्याकरण व बोलीविज्ञान जाणणाराच करू शकेल, आणि हे विषय मराठी विभागाचे आहेत. प्रमाण मराठी या मुलांना हवीच. तिच्यावाचून राहिल्यास नुकसान त्यांचेच. परंतु ‘करायली’चा अर्थ कळलेला शिक्षकच मुलाला ‘करत आहे’पर्यंत नेऊ शकतो.

याहून गंभीर बाब नमुन्याची. कंत्राट संपले, खोली बदलली, की मुलाची शाळा बदलते. जूनमधील नमुना मार्चमध्ये तसाच उरत नाही. उत्तरचाचणीला नसलेली मुले कोष्टकातून वगळली, की ज्यांचे शिकणे सर्वाधिक खंडित, त्यांच्याविषयीच प्रबंध मौन पाळतो. कोष्टक तेवढे सुबक होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीने एम.फिल. बंद झाले. एकाच वर्गाचा बारकाईने केलेला अभ्यास त्या लघुप्रबंधात सहज मावला असता. आता तो एम.ए.च्या संशोधन प्रकल्पात करावा लागेल. त्यासाठी दहा शाळा आणि शेकडो प्रश्नावल्या लागत नाहीत. एक वर्ग, जून ते एप्रिल. मुलांच्या वह्या, त्यांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे, आणि मध्येच गेलेल्या प्रत्येक मुलाची तो जाईपर्यंतची नोंद, एवढी सामग्री पुरेशी आहे. पालकांना भेटायचे तर पहिली पाळी सुटल्यावर जावे लागेल.