बोटांनी जागा होणारा दृष्टिभाग

मेंदूच्या मागील बाजूचा पश्चखंड हा डोळ्यांकडून आलेल्या संदेशांचा अर्थ लावतो, म्हणून जन्मांधांमध्ये तो निकामी पडून राहत असावा, ही समजूत १९९६ साली नोरिहिरो सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडीत काढली. सहा टिंबांच्या ब्रेल चौकटीवरून बोट फिरत असताना अंध वाचकांच्या पश्चखंडात रक्तप्रवाह वाढत असल्याचे त्यांना आढळले. मात्र हा भाग वाचनाला खरोखर हातभार लावतो की केवळ सोबतीने जागा होतो, हा प्रश्न उरलाच होता. १९९७ साली लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने, डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतील ठरावीक जागेचे कार्य क्षणभर विस्कळीत करण्याचे तंत्र वापरले, तेव्हा बालपणापासून अंध असलेल्यांचे वाचन चुकू लागले, काहींना टिंबे गळाल्यासारखी तर काहींना नसलेली टिंबे जाणवली. त्याहूनही विलक्षण आहे ती २००० साली नोंदली गेलेली हकिकत: ब्रेलमध्ये पारंगत असलेल्या एका जन्मांध स्त्रीच्या दोन्ही पश्चखंडांना पक्षाघाताने इजा झाल्यावर तिच्या बोटांना टिंबे लागत होती, पण अक्षरे उमगत नव्हती. डोळस माणसांतही स्पर्शाने रेघांची दिशा ओळखताना हा भाग राबतो, हे १९९९ मध्ये दिसून आले असल्याने, ‘दृष्टिकेंद्र’ ही संज्ञा पाठ्यपुस्तकांनी आता तरी अधिक सावधपणे वापरावी.