वरची फळी म्हणजे कुलूप नव्हे

मैत्रिणींनो, या सदरात आपण औषधांचं कपाट, फिनेलची बाटली, झुरळांची पूड मुलांपासून कशी जपावी हे बोलत असतो. आजची वस्तू जरा निराळी आहे. बंदूक! दचकू नका. आपल्या घरात ती बहुधा नसते. पण आता प्रत्येक आळीत एखादी तरी लेक नाहीतर सून अमेरिकेत असते, आणि तिथं शेजारच्या घरात बंदूक असणं नवलाचं नाही.

एका वाचक भगिनीनं विचारलं आहे, "माझी सून व्हर्जिनिया राज्यात असते. ती म्हणते, तिथं बंदुकीसाठी पेटी घेतली की इन्कमटॅक्स कमी होतो. हे बंदुका वाढवण्याचं लक्षण की काय?"

नाही हो, तसं नाही. सूट बंदुकीला नाही, कुलपाला आहे. अमेरिकेत केंद्र सरकारचा इन्कमटॅक्स वेगळा आणि बहुतेक राज्यांचा आपापला वेगळा असतो. व्हर्जिनियानं २०२३ पासून २०२७ पर्यंतच्या वर्षांसाठी आपल्या राज्याच्या करात ही सवलत दिली आहे. बंदुकीवर बसवायचं कुलूप, किंवा किल्लीनं अथवा आकड्यांनी उघडणारी पेटी वा तिजोरी घेतली, की त्या खर्चापैकी जास्तीत जास्त ३०० डॉलर करातून वळते होतात. बंदुकीच्या किमतीला एक पैसाही सूट नाही.

आता बायकांचा आवडता भाग, म्हणजे हिशेब! ही उत्पन्नातली वजावट नव्हे. भरायच्या करातूनच रक्कम कमी होते. समजा, पेटी आणि कुलूप मिळून २०० डॉलर झाले, तर कर २०० डॉलरनी कमी. तिजोरी ४५० ची घेतली, तर सूट ३०० चीच. पण कर मुळात १२० डॉलरच बसत असेल, तर १२० वरच थांबायचं. उरलेले हातात मिळत नाहीत. शिवाय खरेदी परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडूनच हवी, म्हणून पावती जपून ठेवायची. साऱ्या राज्यात मिळून वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंतच ही सवलत दिली जाते.

यातली खोच तुमच्या लक्षात आलीच असेल. आधी पदरचे पैसे घालायचे, मग सूट. ज्यांची मिळकत इतकी थोडी की करच बसत नाही, त्यांना काहीच मिळत नाही. आणि मुलं तर त्यांच्याही घरात असतात. मिशिगननं दुसरी वाट धरली. २०२३ साली कायदे करून अशा पेट्या-कुलपांवरचा विक्रीकर २०२४ अखेरपर्यंत माफ केला, म्हणजे सूट दुकानातच. आणि जिथं मुलांचा वावर आहे तिथं बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं केलं. मला ही जोडी अधिक पटते.

पण सरकारनं एवढा आटापिटा का करावा? ६ जानेवारी २०२३ ला व्हर्जिनियातल्याच न्यूपोर्ट न्यूज शहरात पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलानं वर्गात आपल्या बाईंवर गोळी झाडली. बाई गंभीर जखमी झाल्या, सुदैवानं वाचल्या. बंदूक मुलाच्या आईची, रीतसर विकत घेतलेली. घरच्यांच्या वतीनं सांगण्यात आलं की ती कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलूप लावून ठेवलेली होती. मुलानं सांगितलं ते वेगळंच: खणावर चढून आईच्या पर्समधून काढली. तपासात ना पेटी सापडली, ना कुलूप, ना किल्ली. आईला तुरुंगात जावं लागलं.

मीही शाळेत शिकवते. पहिलीची पोरं दप्तरातून काय काय घेऊन येतात ते मला ठाऊक आहे, म्हणून ही बातमी वाचून अंगावर काटा आला. आणि वरची फळी! लाडवाचा डबा आपण तिथंच ठेवतो ना? स्टूल ओढून, त्यावर पाट ठेवून तो कोण काढतं, हे कुठल्या आईला सांगायला हवं? उंचावर ठेवलं, लपवलं, म्हणजे सुरक्षित झालं, ही आपली समजूत. मुलांना घरातला प्रत्येक कानाकोपरा आपल्याहून अधिक माहीत असतो.

धोका लहानग्यांनाच आहे असंही नाही. वयात आलेलं मूल रागाच्या वा निराशेच्या भरात असतं, तेव्हा ती घटका टळली तर पुष्कळदा जीव वाचतो. कुलूप ती घटका टाळतं. २०२० पासून अमेरिकेत मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हेच ठरलं आहे; मोटार अपघातसुद्धा मागे पडले.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की घरात बंदूक नसलेलीच बरी. असलीच तर ती रिकामी आणि कुलूपबंद हवी, गोळ्या वेगळ्या जागी कुलपात हव्यात. किल्ली किंवा आकडे मुलांना कळता कामा नयेत, हे ओघानं आलंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मूल दुसऱ्यांकडे खेळायला जाण्याआधी विचारायचं, "तुमच्याकडे बंदूक आहे का? कुलपात असते ना?" भीड वाटते, कबूल आहे. पण आपण जाताना सांगतोच ना, "याला शेंगदाणे चालत नाहीत हं, आणि तुमचा कुत्रा बांधलेला असतो ना?" त्याच दमात हाही प्रश्न विचारून टाकावा. समोरचीही आईच असते. ती समजून घेते. नाहीच घेतलं, तर तिच्या मुलाला आपल्या घरी खेळायला बोलवावं.

तेव्हा सुनेला जरूर कळवा, की सूट खरी आहे आणि ओळखीत कुणी बंदूक बाळगत असेल तर त्याला ती सांगावी. ३०० डॉलर पेटीचे मिळतील. पेटी रोजच्या रोज बंद करणं मात्र घरच्यांच्याच हाती आहे.

आणि आपणही आज स्वयंपाक आटोपला की वरच्या फळीवर एक नजर टाकू या. झोपेच्या गोळ्या, उंदराचं औषध तिथं असेल, तर खाली उतरवून कुलपात ठेवू या.