दर्शन की प्रदर्शन?

१९०४ साली एडवर्ड कर्टिस या अमेरिकी छायाचित्रकाराने नावाहो घोडेस्वारांचे एक चित्र टिपले. अंधाराकडे निघालेल्या त्या पाठमोऱ्या आकृत्यांना त्याने नाव दिले, 'लुप्त होत चाललेला वंश'. त्याच वर्षी त्याने नावाहोंच्या देवतांचे मुखवटे आणि विधिवेषही कॅमेऱ्यात बंद केले. धनाढ्य जे. पी. मॉर्गन यांच्या ७५ हजार डॉलर्सच्या साहाय्याने सुरू झालेल्या त्याच्या २० खंडांच्या प्रकल्पातील पहिल्या खंडात, १९०७ साली, ती छायाचित्रे जगापुढे आली.

मराठीत 'मुखवटा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक लपविण्याचे साधन, तर दुसरा साक्षात देवतेचे मुख. नावाहोंचा मुखवटा दुसऱ्या अर्थाचा आहे. रुग्णाच्या स्वास्थ्यासाठी हिवाळ्यात नऊ रात्री चालणाऱ्या अनुष्ठानात तो धारण केला जातो. शस्त्राची जखम न झालेल्या हरणाचे कातडे त्यासाठी लागते. मुखवटा सजीव मानला जातो आणि दीक्षा न घेतलेल्याने त्याचे रहस्य पाहू नये, असा दंडक आहे. कर्टिसची छायाचित्रे मात्र अनुष्ठानातील नव्हेत, ती कॅमेऱ्यासाठी घडवून आणलेली आहेत. मानवशास्त्रज्ञ जेम्स फॅरिस यांनी १९९६ च्या ग्रंथात त्यांच्या अस्सलतेविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले.

कर्टिसने एक मोलाचा ठेवा जतन केला, असा युक्तिवाद केला जातो. त्याचे परिश्रम नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना त्याने लुप्तप्राय ठरविले, तो समाज लुप्त झालाच नाही. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नावाहोंना शेकडो मैल पायी चालवत बॉस्क रेदोंदोच्या छावणीत डांबले. १८६८ च्या करारानंतर ते मायभूमीत परतले. आज त्यांची नोंदणीकृत संख्या ४ लाखांच्या घरात आहे आणि ते अनुष्ठानही जिवंत आहे. ते टिकले ते छायाचित्रांमुळे नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या मंत्रगीते मुखोद्गत करणाऱ्या साधकांमुळे.

डिसेंबर २०१४ मध्ये पॅरिसच्या लिलावात असे सात मुखवटे विक्रीस निघाले. स्वतः पारंपरिक वैदू असलेले नावाहो राष्ट्राचे तत्कालीन उपाध्यक्ष रेक्स ली जिम तेथे गेले आणि सुमारे ९ हजार डॉलर्स मोजून त्यांनी आपलेच दैवत सोडवून आणले. स्वतःच्या श्रद्धास्थानासाठी बोली लावावी लागणे, यापरते दुर्दैव कोणते?

सुदैवाने वारे बदलत आहेत. २०२२ च्या कायद्याने अशा वस्तू अमेरिकेबाहेर नेण्यास पायबंद घातला. २०२४ च्या नियमांनी संबंधित समाजाच्या संमतीविना त्या मांडण्यास संग्रहालयांना मज्जाव केला, तेव्हा अनेक दालनांवर पडदे पडले. छायाचित्रांना मात्र ही मर्यादा अद्याप पुरती लागू झालेली नाही. कोणते दार उघडावे आणि कोणते मिटलेले ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार गाभाऱ्याची सेवा करणाऱ्यांचा आहे. जिज्ञासा हा सद्गुण खराच, पण उंबरठ्याशी थांबण्याचा विवेक त्याहून मोठा.