गच्चीवरची डिश, वादळाचा वारा आणि कोणाचीच नसलेली जबाबदारी

मुंबई, प्रतिनिधी : घाटकोपर येथील पेट्रोलपंपावर १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक कोसळला आणि १७ जणांचा बळी गेला. त्यानंतर महामुंबईत फलकांच्या मोजमापाची, परवान्यांची आणि पायाभरणीची झडती सुरू झाली. चर्चा फलकांपुरतीच राहिली. त्याच शहरातील हजारो इमारतींच्या कठड्यांवर, छज्ज्यांवर आणि खिडक्यांच्या ग्रिलवर टांगलेल्या डिश अँटेनांकडे मात्र कोणाचेही लक्ष गेले नाही. आकाराने लहान असल्या तरी या थाळ्या रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या डोक्यावरच असतात. त्यांची नोंद ना पालिकेकडे असते, ना बहुतेक सोसायट्यांच्या दप्तरी.

नेहमीची घरगुती डिश साधारण ६० सेंटीमीटर व्यासाची असते. एवढ्याशा पत्र्याला वारा काय करणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात समोरून या डिशवर सहा-सात किलो वजनाइतका जोर पडतो. १२० किलोमीटरच्या झोतात तोच २५ किलोंच्या पुढे जातो. इमारतींसाठी वाऱ्याचा भार ठरवणाऱ्या भारतीय मानकात मुंबईसाठी गृहीत धरलेला मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. या वेगाला ६० सेंटीमीटरची डिश ४५ ते ५० किलोंचा जोर झेलते. हा जोर स्थिर नसतो, तो झोताझोताने येतो. त्यामुळे खांब हलतो, नट सैल होतात, भोक मोठे होत जाते आणि एक दिवस बोल्टच निघून येतो.

बसवण्याची पद्धत येथे निर्णायक ठरते. डिश बसवणारा कारागीर अनेकदा जोडणीमागे मोबदला घेणारा असतो. दिवसाकाठी जितकी घरे होतील तितकी कमाई, असा हा हिशेब आहे. चार बोल्टांच्या जागी दोन मारले किंवा काँक्रीट लागेपर्यंत न थांबता नुसत्या गिलाव्यात बोल्ट ठोकला, तरी त्या दिवशी चित्र स्वच्छ दिसते आणि ग्राहक समाधानाने सही करतो. विटांच्या जुन्या कठड्याची तर गोष्टच वेगळी. तेथे बोल्ट घट्ट असला, तरी तो ज्या विटेत आहे ती वीट घट्ट असतेच असे नाही. किनारपट्टीवर खाऱ्या हवेची भर पडते. जस्ताचा मुलामा गेलेला नट दोन-तीन पावसाळ्यांत गंजून भुगा होतो आणि बाहेरून रंग मारला असेल तर ते कळतही नाही.

जागेची निवडही बहुतेक वेळा चुकते. गच्चीचा कोपरा हा आकाश मोकळे दिसणारा म्हणून पसंत केला जातो. परंतु वारा इमारतीला आदळून वर आणि बाजूला वळतो, तेव्हा सर्वाधिक झोत कडांवर आणि कोपऱ्यांवरच बसतो. देशातील डीटीएच सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, मुंबईच्या पूर्वेकडील रेखांशांवर स्थिर आहेत. त्यामुळे येथील डिशचे तोंड आग्नेयेकडे असते. नैर्ऋत्य मोसमी वारा तिला पाठीमागून किंवा बाजूने लागतो. इमारतीच्या पूर्व किंवा दक्षिण भिंतीवर, कठड्याच्या खाली बसवलेल्या डिशला पावसाळ्यातील पश्चिमेच्या वाऱ्यापासून बराच आडोसा मिळतो. हा आडोसा चक्रीवादळात हमखास कामी येईलच असे मात्र नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेस सरकले. वादळाभोवतीचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्याने शहरावर तो दक्षिणेकडून आला. १७ मे रोजी कुलाब्यात ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. जून २०२० मधील निसर्गचे उलट झाले. ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आल्याने मुंबई त्याच्या डाव्या अंगाला राहिली आणि वारा पूर्वेकडून वाहिला. वीस वर्षे एका दिशेचा वारा सोसलेला खांब अशा वेळी भलत्याच बाजूने दाबला जातो.

डिश पडली नाही, तरी ती निरुपयोगी व्हायला फारसे काही लागत नाही. या आकाराच्या डिशची नजर जेमतेम तीन अंशांची असते. ती एक-दोन अंश हलली की पडद्यावर संकेत नसल्याची सूचना झळकते. तीच सूचना केवळ मुसळधार पावसामुळेही येते. डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू बँडच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते आणि दाट सरी त्या मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. हा फरक ठाऊक नसल्यामुळेच सर्वांत जीवघेणी गोष्ट घडते. ऐन पावसात घरातील कोणीतरी ओल्या गच्चीवर चढतो, कठड्यावरून वाकून डिश हलवू पाहतो आणि खालून दुसरा ‘आलं, गेलं’ ओरडत राहतो. तुटलेल्या डिशची किंमत फार नसते, या धाडसाची असू शकते. विदर्भ आणि मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा पडून दरवर्षी माणसे दगावतात. त्या भागात तर मोकळ्या गच्चीवर लोखंडी खांबाला हात लावून उभे राहण्याचे समर्थन होऊच शकत नाही.

विजेबद्दलचे गैरसमजही दूर व्हायला हवेत. डिश वीज ‘ओढून घेते’ असे नाही, पण उंचावरचा धातू म्हणून तिला धोका असतोच. खांबाला जाड तारेने जमिनीशी जोडणारे अर्थिंग आपल्याकडे क्वचितच केले जाते. केले तरी थेट पडलेल्या विजेपुढे ते अपुरे पडते. जवळपास वीज पडल्यावर केबलमधून घरात शिरणाऱ्या झटक्याची तीव्रता मात्र त्याने कमी होते. सेट टॉप बॉक्स नुसता बटणाने बंद करून भागत नाही. त्याची पिन सॉकेटमधून काढावी आणि डिशची केबलही बॉक्सपासून सोडवावी. हे गडगडाट सुरू होण्यापूर्वी करायचे असते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांचा इशारा देते, त्याचा उपयोग येथे होतो.

चक्रीवादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळत असेल, तर थाळी उतरवून ठेवणे सर्वांत शहाणपणाचे. खांब जागेवर राहू द्यावा, नटांपाशी रंगाने खूण करावी, म्हणजे परत बसवताना कोन शोधत बसावे लागत नाही. डिशला ताडपत्री गुंडाळणे हा सर्रास दिसणारा उपाय उलटा पडतो, कारण ताडपत्री शिडाचे काम करते. सपाट गच्चीवरील चौथऱ्यावर उभ्या डिशला वाळूच्या गोण्यांचे वजन द्यावे, उंच खांबाला तीन बाजूंनी ताण द्यावेत. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी खाली लोंबती ठेवली, तर पाणी तिच्यावरून ओघळत घरात येत नाही.

या साऱ्या गोष्टी डिशला मालक आहे असे धरून झाल्या. खरी अडचण मालक नसलेल्या डिशची आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार खासगी डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे सात कोटी होते. मार्च २०२५ पर्यंत ते पाच कोटी ७० लाखांच्या आसपास आले. ग्राहक ब्रॉडबँड आणि ओटीटीकडे वळले, भाडेकरू घर सोडून गेले, पण थाळ्या कितीतरी ठिकाणी जागच्या जागी राहिल्या. त्यांचा नट कोणी आवळत नाही, कारण त्यातून काही दिसणे बंद झाल्याने ती सैल झाल्याचे कोणाला कळत नाही. सेवा बंद झाल्यावर कंपनीचा माणूस गच्चीवर फिरकत नाही. सोसायटीचे पदाधिकारी डिश सदस्याची म्हणून हात लावत नाहीत आणि पालिकेची पावसाळापूर्व मोहीम नाले, झाडे, फलक आणि धोकादायक इमारतींवर संपते.

यावर मोठा कायदा करण्याची गरज नाही. गच्ची ही सोसायटीची सामाईक जागा आहे आणि एप्रिलमध्ये पाण्याच्या टाक्या धुताना प्रत्येक थाळीवर सदनिकेचा क्रमांक टाकणे एका दुपारचे काम आहे. ज्यांवर क्रमांक टाकता येणार नाही त्या, नोटीस लावून पंधरा दिवसांनी, उतरवून भंगारात देता येतील. भाडेकरू घर सोडताना वीजबिलाबरोबर डिशचाही हिशेब मागण्याची पद्धत काही गृहसंकुलांनी पाडली, तर नव्या बेवारस थाळ्यांची भर तरी थांबेल. सेवा बंद करताना डिश काढून नेण्याची अट कंपन्यांवर घालायची की नाही, हा निर्णय मात्र सोसायटीच्या सभेत होणारा नाही.